पाटील शाबूत, कुलकर्णी फुटले: जावात फाइल वाचता-लिहिताना नेमकं काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, आहे. जावा ११ मधला छोटा प्रोग्रॅम ती फाइलरीडरने ओळीओळीने वाचतो, आडनावाप्रमाणे लावतो आणि फाइलरायटरने नवी फाइल लिहितो. उबुंटूच्या लॅपटॉपवर नावं ठीक दिसतात. तोच प्रोग्रॅम संस्थेच्या विंडोज मशीनवर चालवला की पाटील, शिंदे, पवार, जाधव नीट येतात, पण कुलकर्णी, चव्हाण, देशमुख आणि झगडे यांच्या नावात काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून एक साधं प्रश्नचिन्ह येतं. दुसरी तक्रार दोन्ही मशीनवरची: यादीचा शेवट गायब, शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली, आणि चाचणीसाठी दहाच नावं दिली तर फाइल चक्क रिकामी. तिसरा प्रश्न वैतागून विचारलेला: वाचायला-लिहायला जावात इतके क्लास कशाला, आणि त्यातला घ्यायचा कोणता?

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातच उलगडतं. "काही नावं बिघडतात, काही नाही" हे वाचून अनेकांना वाटेल की सीएसव्हीतच घोळ आहे, कुणीतरी नावं वेगवेगळ्या फाँटमध्ये टाइप केली असणार. तसं नाही. यादी धड आहे. फक्त तिचा प्रवास चुकीच्या दारातून झाला आहे.

डिस्कवर अक्षरं नसतातच, बाइट असतात. म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायची ही एक पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं: 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळी स्वतंत्र चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट. त्यामुळे 'मराठी' आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, जावाच्या लेखी पाच चिन्हं आणि डिस्कवर पंधरा बाइट.

आता फाइलरीडरला तुम्ही फक्त फाइलचं नाव दिलंत. बाइटचं अक्षर कुठल्या तक्त्याने करायचं ते सांगितलं नाहीत. न सांगितल्यास जावा मशीनचा नेहमीचा तक्ता घेते. तुमच्या उबुंटूवर तो यूटीएफ-८ आहे. इंग्रजी लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) विंडोजवर तो विंडोज-१२५२ असतो, आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग 'म' चे तीन बाइट तीन वेगळी युरोपीय चिन्हं म्हणून आत येतात. प्रोग्रॅमच्या पोटात तुमची यादी म्हणजे निव्वळ कचरा आहे, फक्त तो कचरा तुम्ही स्क्रीनवर छापत नाही म्हणून दिसत नाही. लिहिताना फाइलरायटर तोच तक्ता उलटा लावतो, तीन चिन्हांचे पुन्हा तेच तीन बाइट होतात आणि फाइलमध्ये 'म' सुखरूप परत येतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. पाटलांचं नाव शाबूत राहिलं ते अशा नशिबाने.

मग कुलकर्ण्यांनी काय घोडं मारलं होतं? १२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. या आकड्यांना तिथे अक्षरच नाही. जावाला असा बाइट वाचताना भेटला की ती त्याच्या जागी "न कळलेलं अक्षर" हे बदली चिन्ह ठेवते, आणि लिहिताना त्या बदली चिन्हालाही १२५२ मध्ये जागा नसल्यामुळे साधं प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३, लिहिते. आता देवनागरीत या रिकाम्या घरांवर कोण येऊन बसतं ते बघा. पाय मोडायचं चिन्ह म्हणजे २२४, १६५, १४१. ऱ्हस्व उकार म्हणजे २२४, १६५, १२९. 'झ' च्या शेवटी १५७, 'ए' च्या शेवटी १४३, 'ऐ' च्या शेवटी १४४. म्हणजे बहुतेक सगळी जोडाक्षरं, सगळे पहिले उकार, आणि झ, ए, ऐ वगैरे. कुलकर्णीत पहिला उकारही आहे आणि रफारही, म्हणून ते दोनदा फुटतात. चव्हाण 'व्ह' वर, देशमुख 'मु' वर, झगडे पहिल्याच अक्षरावर. पाटील, शिंदे, पवार, जाधव, मोरे, भोसले यांच्यात यातलं काहीच नाही.

या बगचा सगळ्यात वाईट भाग हाच आहे. चाचणीला आपण 'राम पाटील' असं काहीतरी घालतो, ते व्यवस्थित जातं, आणि प्रोग्रॅम वापरात जातो. मराठी मजकूर हाताळणारं काहीही तपासायचं असेल तर मी 'झुंझुरके' हा शब्द घालतो. त्यात दोन झ आणि दोन पहिले उकार आहेत. तो जसाच्या तसा परत आला तर पुढे बोलू.

उपाय एका ओळीचा आहे: दोन्ही टोकांना तक्ता नाव घेऊन सांगा. जावा ११ पासून फाइलरीडर आणि फाइलरायटर दोघांनाही दुसरा पॅरामीटर म्हणून स्टँडर्डचारसेट्स मधला यूटीएफ_८ देता येतो. पण मी तुमच्या जागी असतो तर हे दोन क्लास सोडूनच दिले असते. त्याऐवजी फाइल्स क्लासमधल्या न्यूबफर्डरीडर आणि न्यूबफर्डरायटर या मेथड घ्या. तक्ता न सांगितल्यास त्या कुठल्याही मशीनवर यूटीएफ-८ च धरतात. शिवाय त्या कडक आहेत. फाइलरीडर न कळलेला बाइट गुपचूप बदली चिन्हाने झाकतो, या मात्र तिथल्या तिथे मॅलफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन, म्हणजे बाइट बिघडल्याची एरर, फेकतात. त्या एक्सेप्शनचा मजकूर "इनपुट लेंथ = १" असा काहीतरी, इतकाच असतो, ओळ क्रमांक नाही, काही नाही, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस डोकं धरून बसतो. तरीही गुपचूप बिघडलेल्या यादीपेक्षा हे ओरडणं परवडतं.

कुणीतरी म्हणेल, जावा १८ वर जा, विषय संपेल. अर्धं खरं आहे. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून नेहमीचा तक्ता सगळीकडे यूटीएफ-८ झाला. पण तुमचा कोड उद्या कुणाच्या जुन्या मशीनवर चालेल हे तुमच्या हातात नाही. तक्त्याचं नाव लिहायला दहा सेकंद लागतात.

फाइल आत येतानाच कशी आहे हेही एकदा तपासा. एक्सेलमधून साध्या "सीएसव्ही" पर्यायाने सेव्ह केलं असेल तर देवनागरीची प्रश्नचिन्हं तिथेच झालेली असतात, जावाचा त्यात दोष नाही. "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय घेतला तर अक्षरं नीट येतात, पण एक्सेल फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट टाकते. ही एक अदृश्य खूण आहे, बीओएम म्हणतात तिला. जावा ती काढून टाकत नाही, पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर म्हणून तुमच्या हातात ठेवते. मग पहिल्या रकान्याचं शीर्षक 'क्रमांक' दिसतं, पण 'क्रमांक' शी तुलना केली की उत्तर 'जुळत नाही' असं येतं. किंवा शीर्षकच नसेल तर पहिल्या सभासदाच्या '१' वर इंटिजरचं पार्सइंट फुटतं, आणि एररमध्ये अवतरणचिन्हांत '१' च दिसतो. लोक मग देवनागरी अंकांना दोष देतात. ते निर्दोष आहेत. पार्सइंटला '१२' हे मराठी आकडेही समजतात, चालवून बघा. पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर ६५२७९ या क्रमांकाचं असेल तर ते कापून टाका, झालं.

आणि फाइल जर श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटच्या जमान्यातली असेल तर कुठलाही तक्ता लावून उपयोग नाही. त्यात आत इंग्रजी अक्षरंच आहेत, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. तिथे फाँट कन्व्हर्टर लागतो, जावाच्या वाचा-लिहायच्या क्लासचं ते काम नव्हे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातून जातं. इतके क्लास का? जावा १.० आली १९९६ मध्ये, तेव्हा वाचा-लिहायचा मुख्य मार्ग म्हणजे इनपुटस्ट्रीम आणि आउटपुटस्ट्रीम. दोघंही फक्त बाइट ओळखतात. अक्षरांचं काय, हा प्रश्न लगेच आला आणि १९९७ च्या १.१ मध्ये रीडर आणि रायटर हे दुसरं घराणं आलं. त्यामुळे मुळं चारच आहेत, दोन बाइटची आणि दोन अक्षरांची. इनपुटस्ट्रीमरीडर आणि आउटपुटस्ट्रीमरायटर हे या दोन घराण्यांमधले दुवे, म्हणजे तक्ता जिथे लागतो ती जागा. तुमचा फाइलरीडर आतून इनपुटस्ट्रीमरीडरच आहे, फक्त तक्त्याचा प्रश्न त्याने पडद्याआड ढकललेला आहे.

उरलेले क्लास बहुतेक वेष्टणं आहेत. आतला स्ट्रीम कुठून आलाय याची त्यांना पर्वा नसते. फाइल असो, नेटवर्कचं सॉकेट असो, मेमरीतला बाइट ॲरे असो, वेष्टणाला समोर इनपुटस्ट्रीम दिसला की पुरे. म्हणून फाइलइनपुटस्ट्रीमवर जीझिपइनपुटस्ट्रीम, त्यावर इनपुटस्ट्रीमरीडर, त्यावर बफर्डरीडर असे थर चढवले की दाबलेल्या फाइलमधून थेट ओळी निघतात, आणि यातला एकही क्लास दुसऱ्याबद्दल काही जाणत नाही. ऑब्जेक्ट-ओरिएंटेडच्या पुस्तकात डेकोरेटर पॅटर्न वाचून जे कळत नाही ते इथे एकदा हाताने केलं की कळतं. या रचनेला लोक नावं ठेवतात, एका ओळीसाठी चार 'न्यू' लिहावे लागतात म्हणून. मला स्वतःला ती आवडते. त्रास रचनेचा नाही, न सांगता निवडलेल्या तक्त्याचा आहे.

बफर्ड हा थर का लागतो? फाइलइनपुटस्ट्रीमवर एकेक बाइट मागितला की प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिमचा दरवाजा ठोठवावा लागतो. बफर्डइनपुटस्ट्रीम एका खेपेत ८१९२ बाइट आणून ठेवतो आणि त्यातून वाटतो. किराणा घरी भरून ठेवण्यातला आणि चिमूटभर हळदीसाठी दर वेळी दुकानात पळण्यातला फरक आहे.

लिहिताना हाच बफर तुमची दुसरी तक्रार बनतो. तुम्ही राइट म्हणता तेव्हा मजकूर डिस्कवर जात नाही, बफरमध्ये साठतो. भरला की एकदम रिकामा होतो. शेवटी जो अर्धवट भरलेला उरतो तो फ्लश किंवा क्लोज म्हटल्यावरच बाहेर पडतो, आणि तुमच्या कोडमध्ये क्लोज नाही. दहा नावांनी बफर भरतच नाही, म्हणून फाइल रिकामी. मोठ्या यादीत शेवटचा बफर पोटातच राहतो, म्हणून ओळ अर्ध्यात तुटते. कधी लॉगची किंवा निर्यातीची फाइल अशी अधांतरी संपलेली दिसली आणि तिचा आकार ८१९२ च्या पटीत किंवा अगदी जवळपास निघाला, तर कोड न बघताही मी क्लोज शोधायला लागतो.

इंजिनिअरिंगला आधी सी++ शिकून आलेल्या मुलांच्या हातून हे जास्त होतं, आणि त्यात त्यांची चूक कमी आहे. तिकडे ओएफस्ट्रीम ब्लॉकमधून बाहेर पडला की डिस्ट्रक्टर आपोआप बफर रिकामा करून फाइल बंद करतो. जावात गार्बेज कलेक्टर येऊन मेमरी नेतो, पण बफर्डरायटरच्या पोटातला मजकूर लिहून देत नाही. तो तसाच जातो.

२०११ च्या जावा ७ पासून याला सरळ मार्ग आहे. ट्रायच्या कंसातच रीडर आणि रायटर उघडा. ब्लॉक संपताना जावा ते उलट्या क्रमाने बंद करते, मध्ये एक्सेप्शन आलं तरी. एकच बारकावा: थर जास्त असतील तर प्रत्येकाला कंसात वेगळं नाव द्या. एकाच ओळीत एकात एक 'न्यू' कोंबले आणि बाहेरचा जन्मतानाच मेला, तर आतला उघडा राहतो. जीझिपइनपुटस्ट्रीमचं तसं होतं. दिलेली फाइल जीझिप नसेल तर कन्स्ट्रक्टरच एक्सेप्शन फेकतो, आणि आतली फाइल कुणाच्याच नावावर नसते. विंडोजवर मग ती फाइल "वापरात आहे" म्हणून डिलीट होत नाही आणि लिनक्सवर अशा फार साठल्या की "टू मेनी ओपन फाइल्स" येतं.

क्लोजबद्दल माझा स्वतःचा नियम असा की जो उघडतो तोच बंद करतो. एखाद्या मेथडला स्ट्रीम बाहेरून दिला असेल तर तिने तो बंद करायचा नाही. हे न पाळल्याचं रोजचं उदाहरण म्हणजे कीबोर्डवरून वाचायला लावलेला स्कॅनर क्लास. एका मेथडने शहाणपणा करून तो बंद केला की सिस्टिम.इन, म्हणजे कीबोर्डचा स्ट्रीम, सुद्धा बंद होतं, आणि पुढची मेथड काही केल्या वाचत नाही.

एक अनुभव सांगतो, कारण क्लोज असूनही फसवणूक होते. रात्री अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. प्रिंटरायटर वापरलेला, ट्रायच्या कंसात, सगळं शिस्तीत. सकाळी लॉगमध्ये "पूर्ण" असं लिहिलेलं आणि अहवाल मात्र निम्मा. दोन दिवस मी आकडेमोडीत चूक शोधत होतो. कारण निघालं डिस्क भरल्याचं. प्रिंटरायटर आणि प्रिंटस्ट्रीम छापता-लिहिताना आलेलं आयओएक्सेप्शन गिळतात, फेकत नाहीत. आत एक खूण ठेवतात आणि ती तुम्ही चेकएरर म्हणून विचारायची असते. मी विचारली नव्हती. तेव्हापासून जपून ठेवायच्या फाइलसाठी मी बफर्डरायटरच घेतो, प्रिंटरायटर फक्त स्क्रीनसाठी.

त्याच प्रसंगानंतर लागलेली दुसरी सवय: चांगल्या फाइलवर थेट लिहायचं नाही. फाइलआउटपुटस्ट्रीम उघडताक्षणी जुनी फाइल शून्य बाइटची करतो, एक ओळ लिहायच्या आधीच. तुमची क्रमाने लावलेली यादी मूळ यादीच्याच नावाने लिहायचा मोह होईल, तर शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा आणि मग फाइल्सच्या मूव्हने जागेवर आणा. मध्ये वीज गेली तरी जुनी यादी तरी राहते.

तुमच्या कोडच्या एका आवृत्तीत बाइटचे तुकडे वाचून प्रत्येक तुकड्याची स्ट्रिंग केली आहे, वेगासाठी असेल. त्यात दोन खड्डे आहेत. रीड किती बाइट वाचले ते सांगतो, आणि तो आकडा ॲरेच्या लांबीइतका असेलच असं नाही. तुम्ही तो न बघता पूर्ण ॲरे वापरता, म्हणून शेवटच्या तुकड्यात आधीच्या खेपेचा उरलेला मजकूर पुन्हा येतो. दुसरा खड्डा मराठीसाठी खास आहे. ८१९२ ला ३ ने भाग जात नाही. सलग देवनागरी असेल तर २७३० चिन्हं पूर्ण बसतात आणि २७३१ व्याचे दोनच बाइट या तुकड्यात येतात, तिसरा पुढच्यात. दोन्हीकडे ते न कळलेलं अक्षर ठरतं. इंग्रजी मजकुरात हे कधीच दिसत नाही, म्हणून जालावरचे नमुने कोड इंग्रजीवर बरोबर चालतात आणि आपल्याकडे येऊन फुटतात. इनपुटस्ट्रीमरीडर हे अर्धे बाइट स्वतः सांभाळून ठेवतो, ते काम त्याच्यावर सोडा. सगळी फाइल एकदमच हवी असेल आणि ती काही एमबीच असेल तर जावा ११ मधलं फाइल्सचं रीडस्ट्रिंग घ्या. पतसंस्थेच्या यादीला तेही पुरतं.

रीडरमधूनही एकेक 'चार' (char, जावातला १६ बिटांचा अक्षर-प्रकार) घेऊन अक्षर मोजू नका, एवढं जाता जाता. 'क्षि' हे चार 'चार' आहेत. मोडी लिपीचं एक चिन्ह तर दोन 'चार' मध्ये विभागलेलं येतं, कारण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी १६ बिटांच्या पलीकडच्या भागात बसवली आहे.

ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीमने (हा जावाचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे फाइलमध्ये ठेवतो) यादी साठवावी का, असंही विचारलं आहे. नको. क्लास बदलला की जुन्या फाइल उघडतीलच असं नाही, आणि बाहेरून आलेली अशी फाइल ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमने उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. सीएसव्हीच ठीक आहे.

राहिला प्रश्न आधीच बिघडलेल्या फाइलींचा. कुठल्या बिघडल्या ते शोधणं सोपं आहे: न्यूबफर्डरीडरने प्रत्येक फाइल शेवटपर्यंत वाचा, जिथे मॅलफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन येईल ती फुटलेली. आत २२४, १६५, ६३ किंवा २२४, १६४, ६३ असे सलग बाइट सापडतील. पण "शोधा आणि बदला" करून दुरुस्त करायला जाऊ नका. तिसरा बाइट पुसला गेला आहे, आणि १६५ नंतरचं प्रश्नचिन्ह पाय मोडायचं होतं की पहिला उकार, हे फाइल सांगू शकत नाही. १६४ नंतरचं तर झ, ए, ऐ वगैरेंपैकी काहीही असू शकतं. संस्थेकडे मूळ एक्सेल असेल तर तिथूनच "सीएसव्ही यूटीएफ-८" ने पुन्हा काढा. नसेल तर फुटलेल्या आडनावांची वेगळी यादी काढा, आडनावं तीच ती पुन्हा येत असल्याने ती बरीच आखूड निघेल, आणि संस्थेतल्या कुणा जुन्या माणसाला शेजारी बसवून हाताने भरा. 'क', काळी चौकट, 'लकर', पुन्हा काळी चौकट, 'णी' बघून त्यांना विचार करावा लागत नाही.